आधी गाढवाचं नाक

बालमित्रांनो, आज आधी एक कबुली द्यायची आहे.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. पाचवीच्या वर्गात भागाकार चालला होता. एका मुलानं तिसऱ्यांदा तीच चूक केली. बाहेर ऊन तापलेलं, वर्गातला पंखा बंद आणि माझंही डोकं तापलेलं. तोंडातून निघून गेलं, "अरे गाढवा, पुन्हा वाट चुकलास!"

सगळा वर्ग खो-खो हसला. तो मात्र हसला नाही. वहीतून मान वर करून अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, आमचं गाढव वाट चुकत न्हाई."

डी.एड.ला असताना बालमानसशास्त्रात मला चांगले गुण होते बरं का! पण त्या क्षणी एकही धडा आठवला नाही. मी फळ्याकडे वळले आणि उगीचच पुसलेला फळा पुन्हा पुसला.

त्या मुलाचे वडील आटपाडीबाहेरच्या एका वीटभट्टीवर काम करतात. घरची तीन गाढवं आहेत. पुढच्या रविवारी मी तिकडे गेले. खरं तर माफी मागायला गेले होते, पण तिथं जे पाहिलं त्यात अर्धी सकाळ निघून गेली.

ओढ्याच्या काठाला मातीचा खड्डा आणि तिथून दोनेकशे पावलांवर भट्टी. गाढवाच्या पाठीवर गोणपाटाची जाड घडी, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोण्या. खड्ड्यापाशी गोण्या भरल्या, की गाढव आपलं आपण निघायचं. हाकायला कुणी नाही. बाभळीला वळसा घालून, पाण्याच्या पाइपावरून अलगद पाय टाकून ते भट्टीपाशी जाऊन उभं राहायचं. तिथं गोण्या रिकाम्या झाल्या, की आलं त्याच वाटेनं परत! त्यांच्यातली एक गाढवीण पुढारी. नाव मंगळी. जेजुरीच्या बाजारातून मंगळवारी आणली म्हणून मंगळी.

जेजुरीचा हा बाजार तुम्हाला माहीत आहे का? पौष पौर्णिमेला खंडोबाच्या पायथ्याशी गाढवांचा मोठा बाजार भरतो. कुंभार, वडार, कैकाडी, बेलदार, परीट अशी मंडळी लांबून येतात. गुजरातेतून काठेवाडी गाढवंही येतात. ती आपल्या गावठी गाढवांपेक्षा उंचीपुरी असतात. किंमत ठरते ती दातांवर. पक्के दात दोन आले तर 'दुवान', चार आले तर 'चौवान', सगळे आले की 'अखंड'. मंगळी घेतली तेव्हा ती चौवान होती, असं तिच्या छोट्या मालकानं मला मोठ्या रुबाबात सांगितलं. भागाकारात अडणारा हा मुलगा गाढवाचं तोंड उघडून वय सांगतो. मला नाही येत!

मी त्याला विचारलं, "मग गाढवाला हट्टी का म्हणतात रे?"

"ते बघतंय, बाई. बघून झालं की जातंय."

जनावरांचे जाणकारही हेच सांगतात. घोडा घाबरला की आधी पळतो. मोकळ्या गवताळ मैदानात, कळपात राहणाऱ्या जनावराला पळणंच सोयीचं. गाढवाचे पूर्वज मात्र आफ्रिकेच्या खडकाळ, कोरड्या मुलखातले. तिथं आंधळेपणानं पळालं तर पाय मोडायचा. म्हणून ते थांबतं, कान रोखतं, धोका कुठे आहे ते पाहतं. काठी मारली तर त्याचा धोका वाढतो आणि ते आणखी घट्ट उभं राहतं. आपण म्हणतो, काय हट्टी आहे! ते मोठे कानही उगीच नाहीत. लांबचा आवाज तर ऐकू येतोच, शिवाय अंगातली उष्णता त्या कानांवाटे बाहेर पडते. आपल्या माणदेशासारख्या तापत्या मुलखाला साजेसं हे जनावर आहे. पाऊस रुसलेला, माणगंगा वर्षातले कितीतरी महिने कोरडी, आणि वाळका कडबा खाऊनही हे आपलं कामावर हजर.

आफ्रिकेत माणसानं गाढव माणसाळवलं त्याला सुमारे सात हजार वर्षं झाली. सात हजार वर्षं ओझं वाहून त्याला आपल्या भाषेत काय मिळालं? "गाढवाला गुळाची चव काय" आणि "गाढवापुढे वाचली गीता"! त्या रविवारी मी मुलाची माफी मागितली. मंगळीचीही मागितली असती, पण ती तेव्हा राखेत मनसोक्त लोळत होती.

आता खरी गोष्ट सुरू होते.

चैत्रात आमच्या जवळच्या एका वाडीची जत्रा असते. यंदा जत्रेच्या फलकावर बैलगाडा शर्यतीखाली एक नवी ओळ आली : 'गाढवांच्या शर्यती. दुपारी एक वाजता.' शाळेत दुसरा विषयच नव्हता. कुणाचं गाढव पहिलं येणार, बक्षीस काय, वर बसणार कोण! मंगळीचा छोटा मालक मात्र मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चुळबुळत म्हणाला, "बाई, शर्यतीत गाढवाला मारावंच लागतंय व्हय?"

गेल्या वर्षी त्यानं दुसऱ्या एका गावी अशी शर्यत पाहिली होती. शेपटीला पत्र्याचे डबे बांधलेले. दोन दोन पोरं एका गाढवावर. काठीच्या टोकाला खिळा. लोक पोट धरून हसत होते. आणि आता त्याच्या वडिलांनी मंगळीचं नाव द्यायचं ठरवलं होतं.

मी म्हटलं, वर्गातच विचारू या.

"नियम काय असतात शर्यतीचे?" मी विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, गाढवाच्या शर्यतीला बी नियम असत्यात व्हय?" पुन्हा हशा. मग मी माझी माहिती बाहेर काढली. थोडी वाचली होती, थोडी तालुक्याला जाऊन विचारून आले होते.

बैलगाडा शर्यतींची हकिकत तुमच्या घरी सगळ्यांना ठाऊक असेल. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. त्या निकालात न्यायालयानं जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांची आठवण करून दिली होती : भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, दुखापत आणि आजारापासून, भीतीपासून सुटका, आणि पाचवं म्हणजे आपल्या जातीला साजेसं वागायची मोकळीक. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ती दुरुस्ती कायम ठेवली. पण ही परवानगी मोकाट नाही. जिल्हाधिकाऱ्यांची संमती लागते, बैलांना वेदना होतील असं काही करता येत नाही. नियम मोडला तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद!

"आणि गाढवाला?" एकीनं विचारलं.

गाढवाचं नाव त्या दुरुस्तीत नाही. ती सवलत बैलांपुरतीच आहे. गाढवाला लागू आहे तो १९६० चा जुना कायदा, प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये यासाठी केलेला. मारणं, छळणं, पेलणार नाही एवढं ओझं लादणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. मुलांनी लगेच हिशेब केला : दोन-तीन वडापाव. ज्यांना भागाकार जमत नाही त्यांनीसुद्धा!

त्याच कायद्याखाली १९६५ साली ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. ते मला फार आवडतात, कारण ते करणाऱ्याने उन्हाचा विचार केला होता. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला जुंपायचं नाही. आता चैत्रातल्या आटपाडीत दुपारी एक वाजता पारा कुठे असतो ते मी सांगायला हवं का? नियम ओझ्याच्या जनावरांसाठी आहे, शर्यतीसाठी नाही, हे खरं. पण ऊन काही विचारत नाही, बाबा तू ओझं घेऊन आलास की शर्यतीला आलास!

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, एकनाथ महाराजांनी गाढवाला पाणी पाजलं होतं न्हवं?" हो गं, अगदी बरोबर. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला निघालेली. वाटेत तापलेल्या वाळूत तहानेनं तडफडणारं एक गाढव दिसलं. नाथांनी रामेश्वरासाठीची गंगा त्याच्या तोंडात ओतली. ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. पण गाढवाच्या शर्यतीच्या नियमांत तिला आणून बसवायचं मला सुचलं नव्हतं, त्या मुलीला सुचलं. फळ्यावर पहिला नियम लिहिला गेला : वाटेत पाण्याची टाकी.

मग मी त्यांना एका लांबच्या शर्यतीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कोलोरॅडो नावाचं डोंगराळ राज्य आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथं सोनं-चांदी शोधणाऱ्यांची झुंबड उडाली होती. हे लोक खोरं, कुदळ, पीठमीठ सगळं गाढवावर लादून डोंगर चढायचे. तिकडची दंतकथा अशी, की दोघांना एकाच जागी सोनं सापडलं. आता ज्याची नोंद कचेरीत आधी त्याची खाण. दोघेही गाढव घेऊन गावाकडे पळत सुटले. गाढवावर सामान, मग बसणार कुठे? म्हणून माणूस गाढवाच्या बाजूनं पळाला.

याच आठवणीत १९४९ साली लेडव्हिल ते फेअरप्ले या दोन गावांदरम्यान गाढवांसोबत धावण्याची शर्यत सुरू झाली. मधली खिंड चार हजार मीटरपेक्षा उंच. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे बघा! ही शर्यत आजही फेअरप्लेला होते. मोठं अंतर सुमारे ४६ किलोमीटर. आणि नियम ऐका. गाढवावर बसायचं नाही, एकदाही नाही. माणसानं गाढवाला ढकलावं, ओढावं, वाटलं तर उचलून न्यावं, पण बसू नये. पाठीवर खोगीर आणि पंधरा किलो वजन, त्यात कुदळ, फावडं आणि सोनं गाळायचं ताट असायलाच हवं. दोरी पंधरा फुटांपेक्षा लांब नको. टोचणी नाही, विजेचा झटका नाही, औषध चारायचं नाही, चाबूक-सोटा नाही. पशुवैद्य गाढवं तपासतात. आणि शेवटचा नियम सांगितला तेव्हा वर्गानं टाळ्याच वाजवल्या : जिंकतो तो माणूस नव्हे. ज्या गाढवाचं नाक आधी रेषेपलीकडे जाईल ते गाढव जिंकतं! तुम्ही आधी पोचलात आणि गाढव दोन पावलं मागे उभं राहून इकडेतिकडे पाहत बसलं, तर तुम्हीही तिथंच उभे राहा.

"मग गाढव म्हणेल तसंच पळायला पाहिजे की!" मागचा बाक म्हणाला.

हो ना. तीच तर त्या शर्यतीची मजा. वर्षभर गाढवाशी ज्याची गट्टी असते तोच त्यात टिकतो. २०१२ साली कोलोरॅडोने या खेळाला आपल्या राज्याचा वारसा-खेळ म्हणून मान दिला.

आता तुम्ही विचाराल, ही गाढवं येतात कुठून? आमच्या वर्गानंही विचारलं. काही पाळलेली असतात. काही चक्क रानातून आलेली. खाणी बंद पडल्या, आगगाडी आणि मोटारी आल्या, तेव्हा खाणवाल्यांनी गाढवं सोडून दिली. ती तिकडच्या वाळवंटी डोंगरांत रानटी होऊन राहिली, वाढली. मग घोड्यांबरोबर त्यांचीही शिकार सुरू झाली. ट्रक आणि विमानं वापरून कळप पिटाळायचे आणि पाळीव कुत्र्या-मांजरांच्या खाण्यासाठी विकायचे.

१९५० साली नेवाडा राज्यात व्हेल्मा जॉन्स्टन नावाची एक बाई कामावर निघाली होती. एका कचेरीत ती सचिव होती. पुढे चाललेल्या ट्रकमधून रक्त गळताना तिला दिसलं. पाठोपाठ जाऊन पाहते, तर आत जखमी रानघोडे कोंबलेले. तिनं त्या दिवसापासून हा प्रश्न सोडला नाही. लोकांनी तिला 'वाइल्ड हॉर्स ॲनी' असं चिडवायला नाव दिलं, तिनं तेच आनंदानं मिरवलं. (चिडवायचं नाव मिरवता येतं, हे आमच्या वर्गानं नीट लक्षात घेतलं!) आणि तिच्या मदतीला कोण आलं असेल? शाळेतली मुलं. देशभरातल्या मुलांनी वॉशिंग्टनला पत्रं पाठवायला सुरुवात केली. पेन्सिलीनं लिहिलेली, चित्रं काढलेली. खासदारांच्या टेबलांवर ढीग लागले. १९५९ मध्ये मोटारी-विमानांतून शिकार करण्यावर बंदी आली. आणि १९७१ मध्ये रानघोडे आणि रानगाढवं या दोघांच्या संरक्षणाचा कायदा झाला. एकाही सभासदाने विरोधात मत दिलं नाही.

संरक्षणामुळे नवा पेच आला, हेही सांगायला हवं. कळप वाढले, गवत-पाणी कमी पडू लागलं. तेव्हा तिकडचं सरकार काही जनावरं पकडून लोकांना सांभाळायला देतं. त्यातली काही गाढवं शर्यतीत धावतात.

"बाई, आपल्याकडं रानगाढव न्हाई का?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आहे ना! आणि ते पळून गेलेलं पाळीव गाढव नव्हे, अस्सल रानातलं, पाळीव गाढवाचं फक्त दूरचं भावंड. गुजरातेतल्या कच्छच्या छोट्या रणात ते राहतं. तिकडे त्याला घुडखर म्हणतात. तांबूस-पिवळसर रंग, पोट पांढरं, पाठीवर गडद पट्टा. पळायला लागलं तर ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत वेग! आपली एस.टी. घाटाखाली जेमतेम तेवढी जाते.

या घुडखराचं एकदा अगदी संपत आलं होतं. १९५८ नंतर माश्यांमुळे पसरणारा सर्रा नावाचा रोग आला, त्याच्या पाठोपाठ घोड्यांची आणखी एक साथ. १९६९ च्या मोजणीत उरली होती अवघी ३६२. आमच्या गावच्या शाळेत मुलं याहून जास्त असतील! १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यात घुडखराला पहिल्या परिशिष्टात म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात घातलं, आणि जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. २०२० साली संख्या ६,०८२ झाली. २०२४ साली ७,६७२. त्याला पकडायचं नाही, पाळायचं नाही, शर्यतीचं तर नावच काढायला नको. त्याच रणात मीठ पिकवणारे अगरिया लोकही पिढ्यान्पिढ्या राहतात आणि माणूस-जनावर दोघांनाही त्या खाऱ्या मुलखात जागा काढावी लागते.

आपल्या पाळीव गाढवाचे मूळ पूर्वज, आफ्रिकेतली रानगाढवं, मात्र आता इथिओपिया आणि एरिट्रियाच्या कोपऱ्यात अगदी थोडी उरली आहेत. आणि पाळीव गाढवं? भारताच्या पशुगणनेत २०१२ साली सुमारे ३ लाख २० हजार होती, २०१९ साली सुमारे १ लाख २० हजार. महाराष्ट्रात सुमारे २९ हजारांची १८ हजार झाली. ट्रॅक्टर-टेम्पो आले, हे एक कारण. चिनी औषधासाठी गाढवाच्या कातड्याचा जगभर चाललेला व्यापार हे दुसरं. आफ्रिकी देशांनी २०२४ मध्ये त्यावर एकत्र बंदी घातली. पालकहो, तुमच्या लहानपणी गल्लीत गाढवं किती होती आणि आज किती दिसतात, हे मुलांना जरा सांगा. आमच्या शाळेच्या रस्त्यावर मी आता मोजून पाच पाहते, त्यातली तीन मंगळीच्या घरची.

पेन्सिलीच्या पत्रांची गोष्ट ऐकल्यावर आमच्या वर्गात काय झालं असेल, ओळखा. जत्रा समितीला पत्र लिहायचं ठरलं. नियमांवर तीन दिवस वाद झाला. "बसायचंच न्हाई तर शर्यत कसली?" असं म्हणणारा मोठा गट होता. त्यांना मंगळीच्या मालकानं विचारलं, "तुझ्या पाठीवर मी बसतो, तू पळ." तो प्रश्न तिथंच मिटला. पंधरा किलो वजनाचा नियम घ्यायचा का? कोलोरॅडोत घेतात, मग आपणही घेऊ, असं काहींचं म्हणणं. पण तो म्हणाला, "वरीसभर वज्जंच वाहती की ती. जत्रंला तरी मोकळी पळू द्या." फळ्यावरून वजन पुसलं गेलं.

शाळेच्या मैदानावर रंगीत तालीमही झाली. मंगळी आणि परटाचं एक गाढव. झेंड्याच्या खांबापासून फाटकापर्यंत. चार मुलं रेषेशी उकिडवी बसली, आधी कुणाचं नाक येतं ते पाहायला. मंगळी निम्म्यावर आली आणि लिंबाच्या सावलीत थांबली. सगळे ओरडायला लागले, तशी ती आणखीच गप्प उभी. तिच्या मालकानं दोरी सैल सोडली आणि आम्हाला हातानं थांबवलं. "ती बघतीय. बघू द्या." काय पाहत होती कोण जाणे. बहुतेक फाटकावरचं नवं पिवळं फडकं. पाहून झालं, मग निघाली. तोवर परटाचं गाढव पोचून भिंतीवरचं गवत खात होतं. मुलांनी नवा नियम जोडला : ओरडायचं नाही.

पत्र गेलं. वेळ संध्याकाळी पाचची करा, वाटेत पाण्याची टाकी ठेवा, काठी-खिळा-डबे बंद, कुणी वर बसू नये, लहान शिंगराला आणि गाभण गाढविणीला पळवू नये, बैल तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी गाढवंही पाहावीत, आणि अशा शर्यतीला परवानगी लागते का ते कचेरीत विचारावं. खाली एकतीस सह्या. एका बहाद्दरानं मंगळीच्या खुराचा शाईत बुडवून ठसाही घेतला होता. मी तो राहू दिला.

समितीतले एक आजोबा पत्र घेऊन शाळेत आले. आधी हसले, मग चष्मा काढून पुन्हा वाचलं. "पोरांचं म्हणणं खोटं न्हाई," म्हणाले. तालुक्याला विचारून आल्यावर त्यांनी फलक बदलला. शर्यत शब्द काढला, 'गाढवांसंगे पळा' असं लिहिलं. वेळ पाच. बसायचं नाही, काठी नाही. डॉक्टरांनी गाढवं पाहायचं कबूल केलं आणि एका गाढवाला लंगडतंय म्हणून परतही पाठवलं. आवाजाचा नियम मात्र कुणी ऐकला नाही. हलगी वाजायची ती वाजलीच. जत्रा आहे, पोरी, आजोबा मला म्हणाले. त्यावर मी काय बोलणार?

सहा गाढवं उभी राहिली. मंगळीला त्या दिवशी अंघोळ घालून कपाळाला गुलाल लावला होता. सुरुवात तर झकास झाली, निम्म्यापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे. आमचा अख्खा वर्ग रस्त्याच्या कडेला तोंडावर हात ठेवून उभा. आणि मग आली पाण्याची टाकी, आम्हीच मागितलेली! मंगळी थांबली. तिनं टाकीत तोंड घातलं ते बाहेरच काढेना. एक गाढव गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. छोटा मालक दोरी सैल सोडून शेजारी उभा, तिच्या मानेवर हात ठेवून. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ओढ की तिला!" त्यानं मानच वर केली नाही.

मंगळीचं नाक रेषेपलीकडे गेलं तेव्हा तिचा नंबर पाचवा होता.

सोमवारी तो शाळेत आला. मी विचारलं, "काय रे, हरलास म्हणून वाईट वाटलं का?"

"मी कुठं हरलो, बाई? हरली तर मंगळी हरली," तो म्हणाला, "आन् तिला ते ठावंच न्हाई."